शिकागो विद्यापीठाने फुटबॉल का बंद केला?

शिकागो म्हटलं की आपल्याला १८९३ ची सर्वधर्म परिषद आठवते, स्वामी विवेकानंद आठवतात. त्या वर्षी तिथे जे मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं, त्याच्या अगदी लगत एक नवं विद्यापीठ उभं राहत होतं. ऑक्टोबर १८९२ मध्ये त्याचे पहिले वर्ग भरले होते. पैसा रॉकफेलरचा, आणि कल्पना विल्यम रेनी हार्पर या पस्तिशी ओलांडलेल्या हिब्रूच्या पंडिताची. आज जगातल्या पहिल्या काही विद्यापीठांत त्याचं नाव घेतात. या विद्यापीठाने डिसेंबर १९३९ मध्ये आपला फुटबॉलचा संघ बंद केला. त्याची जी गोष्ट नेहमी सांगितली जाते, ती अर्धीच खरी आहे असं मला वाटतं. उरलेली अर्धी आज पाहू.

आधी एक खुलासा. हा फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल नव्हे. अमेरिकेतला तो खेळ लांबट चेंडूचा. चेंडू छातीशी धरून पळायचं, समोरच्याने अंगावर झेप घेऊन पाडायचं. पलीकडच्या टोकाला पोचलात की सहा गुण, वर एक जादा मिळवायची संधी. एवढं लक्षात ठेवा, म्हणजे पुढचे आकडे कळतील.

नेहमीची गोष्ट अशी: एक बाणेदार तरुण कुलगुरू होता, त्याला ज्ञानाची चाड होती, त्याने धंदेवाईक खेळाला हाकलून दिलं. ऐकायला छान आहे. पण तो खेळ विद्यापीठात आणला कोणी? विद्यापीठानेच! हार्परने पहिल्या प्राध्यापकांसोबतच एक क्रीडा-प्रशिक्षक नेमला, अमोस अलोन्झो स्टॅग. हा येलमध्ये धर्मशास्त्र शिकत होता, हार्परचाच विद्यार्थी. त्याला हार्परने सहयोगी प्राध्यापकाचा दर्जा दिला, कायमची नेमणूक दिली, वर्षाला अडीच हजार डॉलर पगार दिला. अपेक्षाही स्पष्ट सांगितली होती, की देशभर पाठवता येतील आणि सगळ्या कॉलेजांना लोळवतील असे संघ मला तयार करून दे. पहिल्या हंगामात खेळाडू कमी पडले तर स्टॅग स्वतः मैदानात उतरला.

हार्परचा हिशेब समजून घ्या. हार्वर्ड, येल यांच्याकडे दोनशे-अडीचशे वर्षांची परंपरा होती. याच्याकडे नुकत्याच बांधलेल्या इमारती. शहरातल्या व्यापाऱ्याला ग्रीक व्याकरणावरचा ग्रंथ दाखवून त्याच्या खिशातून देणगी निघत नाही, पण शनिवारी दुपारी मैदानावर 'आपला' संघ जिंकला की त्याला विद्यापीठही आपलं वाटायला लागतं. स्टॅगचा विभाग थेट अध्यक्षाच्या हाताखाली होता, त्याचा जमाखर्चही वेगळा. म्हणजे प्राध्यापक मंडळींचा त्यावर फारसा हात चालत नसे.

आणि हिशेब जमला. विद्यापीठ आणि त्याच्या शेजारची विद्यापीठं मिळून १८९६ मध्ये जो संघ स्थापन झाला, तोच पुढे 'बिग टेन' म्हणून गाजला. त्याचं विजेतेपद शिकागोने सात वेळा मिळवलं. १९०५ च्या थँक्सगिव्हिंगच्या दिवशी मिशिगनला २-० असं हरवलं. मिशिगन त्याआधी सलग छप्पन सामने हरलेलं नव्हतं! त्याच हंगामात देशभर या खेळात बरीच मुलं दगावली, आणि खुद्द राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी कॉलेजांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसवर बोलवलं. पुढच्या वर्षी नियम बदलले, चेंडू पुढे फेकायला परवानगी मिळाली. खेळ काही थांबला नाही.

उतरण १९२० नंतर लागली. इलिनॉय, ओहायो, मिशिगन इथल्या सरकारी विद्यापीठांनी प्रचंड स्टेडियम बांधले. त्यांच्याकडे विद्यार्थी अफाट, संघासाठी निवडायला मुलं अफाट. शिकागोचं शेवटचं विजेतेपद १९२४ चं. १९३२ मध्ये स्टॅग सत्तर वर्षांचा झाला आणि त्याला नियमाप्रमाणे निवृत्त केलं. दुसरं काम देऊ केलं होतं, ते त्याने घेतलं नाही. गडी कॅलिफोर्नियातल्या एका लहान कॉलेजात जाऊन पुन्हा प्रशिक्षक झाला. १९३८ मध्ये तोच संघ घेऊन तो शिकागोला आला, आणि ज्या मैदानाला त्याचं नाव होतं, त्याच मैदानावर त्याने शिकागोला ३२-० हरवलं. वय शहात्तर.

आता तो बाणेदार कुलगुरू. रॉबर्ट मेनार्ड हचिन्स १९२९ मध्ये अध्यक्ष झाला तेव्हा तीस वर्षांचा होता. अॅरिस्टॉटल आणि अक्वायनस यांच्यावर त्याची भक्ती. विद्यापीठाचं एकच काम, बुद्धीला वळण लावणं, असं तो म्हणे आणि त्यावरून जॉन ड्युईशी त्याचा जाहीर वादही झाला. त्याच्या काळात हजेरीची सक्ती गेली, मोठ्या सर्वंकष परीक्षा आल्या. खेळाडूंना बसवून घ्यायला सोपा अभ्यासक्रम शिल्लक राहिला नाही. तरी १९३५ मध्ये सर्वोत्तम कॉलेज-खेळाडूचा पहिलावहिला पुरस्कार, जो पुढे 'हाइझमन' म्हणून ओळखला गेला, तो शिकागोच्याच जे बरवँगरला मिळाला. पुढच्या वर्षी व्यावसायिक संघांनी खेळाडू निवडण्याची पद्धत पहिल्यांदा सुरू केली, त्यातही पहिलं नाव त्याचंच. तो व्यावसायिक सामना एकही खेळला नाही, नोकरीधंद्याला लागला. (हचिन्सच्या विद्यापीठाला शोभेलसाच निघाला म्हणायचा.)

डिसेंबर १९३८ मध्ये हचिन्सने 'सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट' या लोकप्रिय साप्ताहिकात लेख लिहून सांगितलं, की कॉलेजच्या खेळाला रोग जडलाय तो तिकिटाच्या पैशाचा. पैसा काढून घ्या, खेळ पुन्हा मुलांचा होईल. युक्तिवाद बिनतोड आहे. मी तर म्हणेन त्यात अॅरिस्टॉटलच बोलतो: जी गोष्ट तिच्यासाठीच करायची, ती दुसऱ्या कशाचं साधन झाली की बिघडते.

आणि मग आला १९३९ चा हंगाम. हे आकडे जरा सावकाश ऐका. हार्वर्डकडून ६१-०. मिशिगनकडून ८५-०, म्हणजे सुमारे डझनभर वेळा समोरची मुलं पलीकडे जाऊन पोचली. व्हर्जिनियाकडून ४७-०, ओहायो स्टेटकडून ६१-०, इलिनॉयकडून ४६-०. छोट्या बेलॉइट कॉलेजनेही ६-० हरवलं. आठ सामन्यांपैकी सहा हरले आणि त्या सहांत एक गुणसुद्धा नाही. वाबाश आणि ओबर्लिन या लहान कॉलेजांना मात्र हरवलं. २१ डिसेंबरला विश्वस्त मंडळाने जाहीर केलं, की विद्यापीठ आंतरमहाविद्यालयीन फुटबॉलमधून बाहेर पडत आहे.

इथे थांबू या. त्या मैदानावर उतरलेली मुलं कोण होती? विकत आणलेली नव्हती, सोप्या विषयांत लपवलेली नव्हती. खऱ्या परीक्षा देऊन, उरलेल्या वेळात, आवड म्हणून खेळणारे विद्यार्थी होते. म्हणजे हचिन्सने वर्षभरापूर्वी लेखात मागितले होते, नेमके तसे खेळाडू. आदर्श त्याच्या डोळ्यांसमोर शनिवारमागून शनिवार मार खात होता. आणि त्याने तो बंद केला! खेळाचं मोल खेळण्यात असेल, तर ८५-० हे संघ मोडण्याचं कारण कसं होईल? ते प्रतिस्पर्धी बदलण्याचं कारण होतं. वाबाश आणि ओबर्लिन तर वेळापत्रकातच होते. पण लहान कॉलेजांशी खेळणं हे हार्परच्या विद्यापीठाला कमीपणाचं वाटणार होतं. धावफलकाला भाव नाही म्हणणारी माणसं धावफलकाकडे बघूनच निर्णय घेत होती, असं मी म्हटलं तर फार कठोर होईल का? मला नाही वाटत.

हचिन्सच्या बाजूनेही बोललं पाहिजे. त्याच्यापुढे खरा मोह होता: पैसे ओता, खेळाडू आणा, जिंका. शक्य होतं ते. पुरावा बघा, ८५-० ने हरलेल्या संघाचा प्रशिक्षक क्लार्क शॉनेसी दुसऱ्याच वर्षी स्टॅनफर्डला गेला, एकही सामना हरला नाही आणि 'रोझ बोल' जिंकून आला. माणूस तोच, विद्याही तीच. तो मोह हचिन्सने टाळला, आणि बिग टेनमधल्या दुसऱ्या कुठल्याही विद्यापीठाने त्याचं अनुकरण केलं नाही, यावरून ते किती अवघड होतं हे कळतं. माझी तक्रार एवढीच, की जिंकत असताना त्याने हे केलं असतं तर त्याला तत्त्व म्हणता आलं असतं. अध्यक्ष होऊन त्याला दहा वर्षं झाली होती.

मैदानाचं पुढे काय झालं ते बहुतेकांना माहीत असतं. २ डिसेंबर १९४२ रोजी पश्चिमेकडच्या प्रेक्षक-सज्जाखाली, रॅकेटच्या एका बंदिस्त कोर्टात, एन्रिको फर्मीने ग्रॅफाइट आणि युरेनियम रचून पहिली नियंत्रित अणुसाखळी चालवून दाखवली. ताकद निघाली जेमतेम अर्धा वॅट. फुटबॉल गेला म्हणून अणुयुग आलं, असं काही लोक रंगवून सांगतात. तसं काही नाही. प्रयोग मुळात शहराबाहेरच्या जंगलात व्हायचा होता, तिथलं बांधकाम संपामुळे रखडलं म्हणून तो इथे झाला. १९५७ मध्ये तो सज्जा पाडला. १९७० पासून त्या जागेवर रेगनस्टाइन ग्रंथालय आहे.

पण फुटबॉल परत आला, ही बाब नेहमीच्या गोष्टीत गाळली जाते. १९६३ मध्ये काही मुलं हौसेने पुन्हा खेळू लागली, तेव्हा दुसऱ्या काही मुलांनी मैदानाच्या मधोमध ठिय्या दिला. चोवीस वर्षांत न खेळणं हाच विद्यापीठाचा बाणा होऊन बसला होता! १९६९ पासून संघ अधिकृत झाला. तो आज राष्ट्रीय पातळीच्या तिसऱ्या श्रेणीत खेळतो. तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही. आपल्याच वकुबाची कॉलेजं समोर असतात. प्रेक्षक मोजके, मैदान काही चौक पलीकडे, नाव अजून स्टॅगचंच. वाबाश आणि ओबर्लिन याच श्रेणीत आहेत.