दत्तक आणि प्रतिपालन (भारत)

जन्मदात्या कुटुंबात वाढू न शकणाऱ्या मुलाला संस्थेऐवजी घर मिळवून देण्याच्या या दोन कायदेशीर वाटा. दत्तकात मुलाचे जन्मदात्यांशी असलेले कायदेशीर नाते संपते आणि नव्या आईवडिलांशी कायमचे जुळते. नाव, वारसा, सगळे हक्क पोटच्या मुलासारखेच. प्रतिपालनात मूल काही काळापुरते दुसऱ्या कुटुंबात राहते. तिथे त्याचे खाणेपिणे, शाळा, आजारपण ते कुटुंब पाहते. नाते मात्र बदलत नाही आणि देखरेख बाल कल्याण समितीची असते.

दत्तकाची जुनी हिंदू रीत मुलासाठी नव्हतीच. पिंड द्यायला आणि गादी चालवायला पुत्र हवा, म्हणून ती होती. मूल बहुधा भाऊबंदांतले, ओळखीच्या घरातले आणि मुलगाच असे. साताऱ्याचे राज्य १८४८ मध्ये आणि झाशीचे १८५४ मध्ये इंग्रजांनी खालसा केले, ते दत्तक नामंजूर करूनच; महाराष्ट्राच्या मनात ‘दत्तक’ आणि ‘वारस’ हे शब्द तेव्हापासून अधिकच घट्ट बसले. याच काळात एक वेगळा प्रवाह सुरू झाला. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि पुढे तिथे जन्मलेल्या, एका ब्राह्मण विधवेच्या मुलाला स्वतःच्या घरात घेतले. हा यशवंत पुढे डॉक्टर झाला. कुळ, जात, पिंड यांचा हिशेब न करता, ज्याला घर नाही त्याला घर द्यायचे, ही आजच्या कायद्याची भूमिका त्या घरात आधीच प्रत्यक्षात आली होती.

कायद्याला तिथे पोचायला शतक लागले. १९५६ च्या हिंदू दत्तक आणि निर्वाह कायद्याने मुलगी दत्तक घेण्याची मुभा दिली, पण तो हिंदू, बौद्ध, जैन व शीख यांच्यापुरताच. मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी दांपत्यांच्या वाट्याला १८९० च्या कायद्याखालचे पालकत्व तेवढे येई. मूल सज्ञान झाले की तेही संपे. १९८४ मध्ये लक्ष्मीकांत पांडे या वकिलांच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने परदेशी दत्तकासाठी सविस्तर नियम घालून दिले. त्यांतूनच पुढे ‘कारा’ हे केंद्रीय दत्तक प्राधिकरण उभे राहिले. बाल न्याय कायद्याने धर्माची अट ठेवली नाही, हे शबनम हाश्मी खटल्याच्या २०१४ मधील निकालाने पक्के केले. सध्या लागू आहे तो २०१५ चा बाल न्याय कायदा. २०२१ च्या दुरुस्तीनंतर दत्तकाचा अंतिम आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात.

बाळ पाळण्यात सापडले म्हणजे लगेच दत्तक देता येते, असा एक समज आहे. तसे होत नाही. आईने स्वतः बाल कल्याण समितीपुढे सही करून बाळ सोपवले, तरी तिला फेरविचारासाठी ६० दिवस मिळतात, आणि ते मिळायलाच हवेत. टाकून दिलेल्या मुलाच्या नातलगांचा शोध घेतला जातो, वर्तमानपत्रात जाहिरात येते, पोलिसांचा अहवाल येतो. दोन वर्षांपर्यंतच्या मुलाबाबत दोन महिन्यांत आणि मोठ्याबाबत चार महिन्यांत समितीने ते दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त असल्याचे जाहीर करणे अपेक्षित आहे. त्यानंतरच काराच्या संगणकीय यादीतून मुलाची जुळणी होऊ शकते. इच्छुक पालकांची गृहभेट, अहवाल, कागदपत्रे हा भाग समांतर चालतो. जुळणी झाल्यावर मूल आधी दत्तकपूर्व प्रतिपालनात घरी जाते, आदेश नंतर येतो. पुढची दोन वर्षे समाजसेविकेच्या भेटी सुरू राहतात. एकटी स्त्री दत्तक घेऊ शकते; एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक घेता येत नाही. दत्तकाच्या कामात महाराष्ट्रातील जुन्या संस्थांचा वाटा मोठा आहे. ससून रुग्णालयाच्या आवारात उगम पावलेले, सोफोश या संस्थेचे ‘श्रीवत्स’ आणि भारतीय समाज सेवा केंद्र या पुण्यातल्या दोन संस्था विशेष उल्लेखनीय.

देशात वर्षाला सुमारे चार हजार दत्तके होतात आणि रांगेत तीस हजारांहून अधिक पालक उभे असतात. यावरून मुलांचीच टंचाई आहे असे वाटेल. तो हिशेब फसवा आहे. रांग आहे ती तान्ह्या, निरोगी बाळासाठी. सात-आठ वर्षांचा मुलगा, एकत्रच जाऊ इच्छिणारी भावंडे, अपंगत्व किंवा दीर्घ आजार असलेले मूल यांच्यापुढे रांग नसते; त्यांतली बरीच परदेशी कुटुंबांत जातात. शिवाय बालगृहांत अशी कितीतरी मुले आहेत जी मुक्तच घोषित झालेली नाहीत. कुठेतरी एक मामा आहे, एक आजी आहे. वर्षानुवर्षे कुणी भेटायला आलेले नाही, पण कागदोपत्री नातलग आहे म्हणून फाइल तशीच राहते. मुलाच्या बाजूने कुणी पाठपुरावा करायचा असेल तर तो इथे: नातलगाला गाठून मूल घरी परतू शकते का हे ठरवणे, आणि नसेल तर वेळेत तसे म्हणणे. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात विशेष दत्तक संस्था असावी आणि संस्थांमधील अनाथ, परित्यक्त व समर्पित मुले दर दोन महिन्यांनी मोहीम घेऊन ओळखावीत, असा आदेश दिला तो यामुळेच.

प्रतिपालन आपल्याकडे फारसे रुजलेले नाही. ‘उद्या परत द्यायचे तर जीव कशाला लावायचा’ हा लोकांचा प्रश्न खोटा म्हणता येत नाही. पण लहानपणी संस्थेतून कुटुंबात गेलेली मुले अधिक सावरतात, हे रुमानियात २००० पासून झालेल्या दीर्घ अभ्यासाने दाखवले. दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांना त्याचा लाभ सर्वाधिक झाला. भारतात २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अविवाहित, विधवा वा घटस्फोटित व्यक्तींनाही प्रतिपालक होता येते आणि दोन वर्षे सांभाळलेले मूल, ते मुक्त असल्यास, त्याच कुटुंबाला दत्तक घेता येते. पूर्वी ही मुदत पाच वर्षांची होती. मिशन वात्सल्य योजनेतून दरमहा ४,००० रुपये मिळतात.

महाराष्ट्राची बालसंगोपन योजना याहून साधी आणि, कुटुंब तुटण्याआधीच धावून येणारी म्हणून, अधिक महत्त्वाची मानावी लागते. आईवडिलांपैकी एक वारलेला, दुसरा आजारी किंवा तुरुंगात अशा घरांतील मुलाला आजी-आजोबांकडे वा आईपाशीच ठेवून त्याचा खर्च शासन उचलते. कोविडनंतर विधवा झालेल्या अनेक आयांनी तिचा आधार घेतला. आता तिला सावित्रीबाईंचे नाव आहे आणि रक्कम दरमहा २,२५० रुपये झाली आहे. शहरी भाड्याच्या हिशेबात ती तोकडीच.

कुटुंब न मिळालेल्या मुलाला अठराव्या वर्षी बालगृह सोडावे लागते. त्यानंतरच्या अनुरक्षणाची (आफ्टरकेअर) सोय २१ वर्षांपर्यंत आहे, तीही सर्वांना मिळत नाही. महाराष्ट्राने २०१८ मध्ये अनाथांसाठी शिक्षण व शासकीय नोकरीत एक टक्का समांतर आरक्षण सुरू केले; त्यासाठी लागणारा अनाथ दाखला महिला व बालविकास विभागाकडून मिळतो.