मेढ कुठे रोवायची?

नंदुरबार जिल्ह्यात तळोद्याच्या आसपास सोमावल, रोझवा, रेवानगर, नर्मदानगर अशा काही वसाहती आहेत. नकाशावर ही गावे नवी आहेत. सरळ रस्ते, आखलेले भूखंड, शाळेची इमारत, पाण्याची टाकी असे त्यांचे रूप कोणत्याही पुनर्वसित गावाला साजेसे आहे. सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेलेल्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील नर्मदाकाठच्या गावांतून आलेली माणसे तिथे राहतात.

काही वर्षांपूर्वी अशाच एका वसाहतीत एका घराच्या ओट्यावर बसण्याचा योग आला. घराचा पुढचा भाग विटांचा होता. मागे मात्र सागाचे जुने, धुराने काळवंडलेले खांब उभे होते. त्यांतल्या एका खांबावर, साधारण छातीच्या उंचीवर, एक चौकोनी खाच होती. त्या खाचेत काहीच बसवलेले नव्हते. घरातल्या आजोबांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, "तिकडे तिथे माळ्याची तुळई होती. इकडे माळा केला नाही." 'तिकडे' म्हणजे सातपुड्याच्या पलीकडे, नर्मदेच्या काठी. ते घर त्यांच्या वडिलांनी बांधले होते. ते खांब-खांब सुटे करून डोंगर ओलांडून इथे आणले आणि पुन्हा उभे केले होते. एका ऐतिहासिक घराचे स्थलांतर आपल्यासमोर उभे आहे, हे त्या रिकाम्या खाचेमुळे आमच्या लक्षात आले.

'ऐतिहासिक' हा शब्द इथे अनेकांना खटकेल. ऐतिहासिक घर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर वाडा येतो, त्याचा दिंडीदरवाजा येतो, फार तर एखाद्या पेशव्याचे वा सरदाराचे नाव येते. भिल्ल किंवा पावरा कुटुंबाचे कुडाचे घर या यादीत बसत नाही. ते का बसत नाही, हा या लेखाचा विषय आहे.

घर हलवून वाचवण्याची कल्पना आपल्याकडे अपरिचित नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात मस्तानी महाल पाहायला मिळतो. पहिल्या बाजीरावाने मस्तानीसाठी कोथरूडला बांधलेल्या महालाचे अवशेष दिनकर केळकरांनी मिळवले आणि संग्रहालयात त्यांची पुन्हा मांडणी केली. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या केळकरांनी आयुष्यभर अडकित्ते, दिवे, दारे, खिडक्या जमवल्या आणि १९७५ साली तो सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. महालाचे लाकूड वाचले, कोरीव काम वाचले. कोथरूडची जागा, तिथला उजेड आणि भोवतालची शांतता अर्थातच आणता आली नाही. तरीही केळकर नसते तर आज जे दिसते तेही दिसले नसते, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे.

युरोपात या कल्पनेला संस्थेचे रूप मिळाले ते १८९१ साली. स्टॉकहोममध्ये आर्टुर हाझेलियुस यांनी स्कान्सेन हे खुले संग्रहालय सुरू केले. स्वीडनच्या निरनिराळ्या प्रांतांतील शेतकऱ्यांची लाकडी घरे उतरवून तिथे आणून उभारण्यात आली. हाझेलियुस यांनी राजवाडे उचलले नाहीत. साध्या कुळवाड्याचे घर, धान्याची कोठी, गोठा हे जपण्याजोगे आहे असे त्यांनी मानले. आपल्याकडे भोपाळच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालयात आदिवासी घरांचे खुले दालन आहे. त्याचे मूळ याच विचारात सापडते.

धरणांच्या बाबतीत मात्र आपली दृष्टी दगडापाशी अडकली. नाईल नदीवरील आस्वान धरणामुळे अबू सिंबेलची मंदिरे बुडणार, असे दिसताच १९६० साली युनेस्कोने जगाला हाक दिली. १९६४ ते १९६८ या काळात ती मंदिरे कापून, प्रत्येक खंडाला क्रमांक देऊन, सुमारे ६५ मीटर उंचावर पुन्हा जुळवली गेली. विसाव्या शतकातले हे एक मोठे सांस्कृतिक कार्य होते, यात शंका नाही. त्याच धरणासाठी इजिप्त आणि सुदानमधील मिळून सुमारे १ लाख न्युबियन लोकांना आपली गावे सोडावी लागली. त्यांच्या घरांच्या रंगवलेल्या, नक्षीदार भिंती मातीच्या होत्या. त्या भिंतींना कोणी क्रमांक घातले नाहीत. आंध्रातील नागार्जुनकोंड्याचे बौद्ध अवशेषही धरणाचे पाणी चढण्यापूर्वी उत्खनन करून टेकडीवर हलवण्यात आले. ही दोन्ही कामे चांगलीच होती. पण काय वाचवायचे हे ठरवताना कोणती पट्टी वापरली गेली, हे त्यांतून स्पष्ट दिसते.

नर्मदेच्या खोऱ्यातही हेच घडले. मणिबेलीजवळचे शूलपाणेश्वराचे प्राचीन मंदिर जलाशयात गेले आणि त्याच्या बदल्यात गुजरातमध्ये गोरा गावाजवळ नवे मंदिर उभे राहिले. देवाचे पुनर्वसन झाले. माणसांचे पुनर्वसन हा पुढे कित्येक वर्षे चाललेल्या संघर्षाचा विषय ठरला.

त्या संघर्षाचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे, तरी घराच्या दृष्टीने त्यातले काही टप्पे आठवले पाहिजेत. नर्मदा जलविवाद लवादाचा निवाडा १९७९ साली आला. धरणाची पूर्ण जलपातळी १३८.६८ मीटर ठरली. तिच्यामुळे बाधित होणाऱ्या गावांत महाराष्ट्राची ३३ गावे होती: ९ अक्कलकुव्याची आणि २४ अक्राणीची. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी झाला. त्यापूर्वी हा सारा प्रदेश धुळे जिल्ह्यात होता. मणिबेली हे महाराष्ट्रातले सर्वांत आधी बुडिताला सामोरे गेलेले गाव. १९९१ च्या पावसाळ्यात तिथे सत्याग्रह झाला आणि १९९३ च्या पावसाळ्यात तिथली घरे पाण्यात गेली. पुढे १९९९ साली डोमखेडीत माणसे पाण्याने भरत चाललेल्या झोपडीत उभी राहिली. १८ ऑक्टोबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला, १७ सप्टेंबर २०१७ रोजी धरणाचे लोकार्पण झाले आणि २०१९ च्या सप्टेंबरात जलाशय प्रथमच पूर्ण पातळीपर्यंत भरला. पहिले घर बुडाले तेव्हापासून धरण भरेपर्यंत पाव शतकाहून अधिक काळ गेला. या काळात शेकडो कुटुंबांपुढे वर्षानुवर्षे एकच प्रश्न होता: घर उतरवायचे की उभे ठेवायचे? उतरवणे म्हणजे हार मानणे आणि उभे ठेवणे म्हणजे लाकूड पाण्याला देणे. घराचा प्रत्येक खांब असा राजकीय निर्णय झाला होता.

हा निर्णय घेता येत होता, याचे कारण त्या घराच्या बांधणीत आहे. नर्मदाकाठचे घर सागाच्या खांबांवर उभे राहते. वर आढे, त्यावर वासे आणि छपरावर कौले असतात. भिंती भार पेलत नाहीत. त्या बांबूच्या विणलेल्या तट्ट्यांच्या असून शेणामातीने लिंपलेल्या असतात. जोड खाच आणि कुसूचे किंवा दोरबंदाचे असतात. त्यामुळे असे घर न तोडता सुटे करता येते. माती मातीला मिळते, तट्टे नवे विणता येतात आणि सांगाडा मात्र गाडीवर चढवता येतो. मस्तानी महालासाठी केळकरांसारखा ध्यास घेतलेला माणूस लागला, अबू सिंबेलसाठी देशोदेशीचे अभियंते लागले. सातपुड्यात हेच काम घरच्या माणसांनी भावकीला हाताशी धरून केले. कोणता खांब कोणत्या कोपऱ्याचा, हे त्यांनी कागदावर लिहिले नाही. ते त्यांना तोंडपाठ होते.

या गुणामुळेच ते घर कायद्याच्या दृष्टीने वारसा ठरू शकत नाही. १९५८ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे प्राचीन स्मारक ठरण्यासाठी वास्तू किमान १०० वर्षे अस्तित्वात असावी लागते. लाकडी घराचे वय कसे मोजणार? एखादा खांब वाळवीने गेला की तो बदलतात, कौले दरवर्षी चाळतात, भिंत दर दिवाळीला नव्याने लिंपतात. ज्या घराची सतत डागडुजी होते त्याला जन्मतारीख उरत नाही. दगड पडून राहिला तर प्राचीन होतो. लाकूड मात्र जिवंत माणसाच्या हाताखाली असेल तरच टिकते. शिवाय यांपैकी कितीतरी घरांची आणि शेतांची महसुली दप्तरात नोंदच नव्हती. पिढ्यान् पिढ्या कसलेली जमीन कागदोपत्री जंगलाची आणि कसणारा अतिक्रमणदार. ज्याचे राहणेच दप्तरात नाही, त्याच्या घराला वारसा कोण म्हणणार?

तरीही घर वाचले, असे म्हणून समाधान मानता येत नाही. लाकूड आले, पण मांडणी आली नाही. सातपुड्यातला पाडा विखुरलेला असतो. एक घर या टेकडीवर, दुसरे हाक पोहोचेल इतक्या अंतरावर, भोवती स्वतःचे शेत. निवाड्याप्रमाणे विस्थापित कुटुंबाला ६० फूट बाय ९० फुटांचा भूखंड मिळाला. सामान्य मापाने तो लहान नाही. परंतु ज्या घराचे अंगण टेकडीच्या उतारापर्यंत होते ते भूखंडांच्या ओळीत बसवायचे, तर गुरांची जागा, माळा, धान्याची कणगी आणि पाहुण्यांचा ओटा यांची फेरमांडणी करावीच लागते. त्या खांबावरची रिकामी खाच याच फेरमांडणीची खूण होती. आणखी एक विसंगती नोंदवली पाहिजे. महाराष्ट्रातील पुनर्वसनासाठी तळोद्याकडील सुमारे ४,२०० हेक्टर वनजमीन दोन टप्प्यांत मोकळी करण्यात आली. सागाच्या जंगलातून उठलेली घरे सागाच्या जंगलाच्याच मोकळ्या झालेल्या जागेवर उभी राहिली आणि पुढच्या पिढीच्या घराला लागणारा साग मात्र दुर्मीळ झाला. म्हणजे जुने खांब गेले की तसे घर पुन्हा बांधणे जवळजवळ अशक्य आहे.

इथे एक आक्षेप अपेक्षित आहे, आणि तो रास्त आहे. त्या माणसांना विटा-सिमेंटचे घर हवे असेल तर त्यांनी कुडाच्या घरात राहावे असे सांगणारे आपण कोण? शहरातल्या फ्लॅटमध्ये बसून दुसऱ्याच्या गळक्या छपराचे कौतुक करणे सोपे असते. हे मान्यच आहे. घर बदलण्याचा अधिकार घरात राहणाऱ्याचा. आमचे म्हणणे घर गोठवून ठेवावे असे नाही. आमचे म्हणणे नोंदीविषयी आहे. पुण्या-नाशिकचे वाडे पडताना निदान त्यांची छायाचित्रे निघतात, नकाशे होतात, कोरीव खांब जुन्या बाजारात किंमत मिळवतात. तळोद्याच्या वसाहतींत एकेक जुना खांब निघतो, त्याच्या जागी विटांचा खांब येतो आणि या बदलाची ओळही कुठे लिहिली जात नाही.

हे काम कठीण नाही. आपल्या जिल्ह्यांतील महाविद्यालयांत मराठी, इतिहास आणि समाजशास्त्राचे विभाग आहेत, प्रकल्पलेखन करणारे विद्यार्थी आहेत आणि त्यांतले अनेक जण याच वसाहतींतून येतात. आपल्या घराचा एकेक खांब मोजणे, तो मूळ गावी कुठे उभा होता हे आजोबांना विचारून कागदावर उतरवणे, जोडांची आणि अवजारांची भिलोरी-पावरी नावे लिहून घेणे, एवढे जरी प्रत्येकाने केले तरी बुडालेल्या ३३ गावांच्या घरांचा एक संग्रह तयार होईल. त्याला संग्रहालयाची इमारत लागणार नाही. घाई मात्र आहे. घर उतरवले तेव्हा जे तिशी-चाळिशीत होते ते आता वृद्ध झाले आहेत, आणि कोणता खांब कोणत्या कोपऱ्याचा हे आजही फक्त त्यांनाच ठाऊक आहे.

मराठीत शुभकार्याच्या आरंभाला आपण 'मुहूर्तमेढ' म्हणतो. एखादी संस्था स्थापन झाली, एखाद्या चळवळीला सुरुवात झाली की मुहूर्तमेढ रोवली असे सहज लिहितो. मूळ शब्द जमिनीत रोवलेल्या लाकडी खांबाचा आहे, हे लिहिताना आपल्याला आठवतही नाही. सातपुड्यातल्या माणसांना ते आठवत राहिले, कारण त्यांना आपली मेढ एकदा उपटून दुसरीकडे रोवावी लागली.

निघताना आम्ही आजोबांना त्या खाचेविषयी पुन्हा विचारले. ती बुजवली का नाही? त्यांनी खांबावरून हात फिरवला आणि म्हणाले, "नातू माळा करणार असेल तर लागेल." परतीच्या वाटेवर आमच्या वहीत त्या घराचा आराखडा होता, तोही अर्धाच, कारण मोजमापाची टेप आम्ही नेलीच नव्हती.