एचआरचा प्रोजेक्ट कॉपी केला तर बिघडतं कुठे? समजून घ्या शैक्षणिक प्रामाणिकपणा

समजा, परभणी जिल्ह्यातल्या वालूरची एक मुलगी एमबीए करतेय. विषय ह्युमन रिसोर्स, म्हणजेच मनुष्यबळ व्यवस्थापन. प्रोजेक्टसाठी तिला जिनिंग कारखान्यातल्या ५० कामगारांकडून प्रश्नावली भरून घ्यायची आहे. सेलू-मानवतचा पट्टा कापसाचा, त्यामुळे कारखाने जवळच आहेत. पण सबमिशनला उरलेत चार दिवस. मैत्रीण म्हणते, "रूमवर बसून भरून टाकू. कोण बघतंय?"

प्रश्न फक्त मार्कांचा आहे का? नाही. त्या फॉर्मवर "पगाराबद्दल समाधानी" अशी खूण होते, तेव्हा ज्याला कुणी विचारलंच नाही, अशा कामगाराच्या तोंडी ते उत्तर घातलं जातं.

शैक्षणिक प्रामाणिकपणा म्हणजे नेमकं काय?

अभ्यासात जे आपलं आहे तेच आपलं म्हणून सांगणं आणि जे दुसऱ्याचं आहे त्याचं श्रेय त्याला देणं. सीनिअरचा रिपोर्ट नाव बदलून देणं, इंटरनेटवरचा मजकूर उचलणं, खोटी आकडेवारी तयार करणं, इंटर्नशिप न करता प्रमाणपत्र मिळवणं, हे सगळं या नियमाच्या विरोधात जातं. एआयकडून लिहून घेऊन ते न सांगणंही त्यातच येतं.

नियम काय सांगतात?

विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजेच यूजीसीने, २०१८ साली वाङ्मयचौर्य रोखण्यासाठी नियमावली आणली. पदव्युत्तर आणि संशोधन पदवीच्या प्रबंधांसाठी त्यात असे टप्पे आहेत:

- १० टक्क्यांपर्यंत साम्य: शिक्षा नाही.
- १० ते ४० टक्के: ठरलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त ६ महिन्यांत, सुधारून पुन्हा सादर करावं लागतं.
- ४० ते ६० टक्के: सुधारित प्रबंध सादर करायला एक वर्ष बंदी.
- ६० टक्क्यांहून जास्त: नोंदणी रद्द.

पदवी मिळाल्यानंतर चोरी सिद्ध झाली, तर ती पदवी काही काळ स्थगितही होऊ शकते. योग्य संदर्भ देऊन घेतलेलं अवतरण मात्र या साम्यात धरलं जात नाही.

एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. प्रोजेक्ट रिपोर्ट, असाइनमेंट आणि उत्तरपत्रिका या टक्केवारीच्या नियमांत येत नाहीत. पण म्हणून तिथे मोकळीक आहे, असं नाही. तिथे विद्यापीठाचे आणि कॉलेजचे नियम लागू होतात.

एचआरच्या विद्यार्थ्यांसाठी हे जास्त महत्त्वाचं का?

कारण उद्या दुसऱ्यांची कागदपत्रं तपासण्याचं काम त्यांचंच असणार आहे. पदवी, अनुभवाचा दाखला, हजेरी, पगारपत्रक, सगळं एचआरच्या टेबलावरून जातं. पीएफच्या नोंदीत नाव किंवा जन्मतारीख चुकली तर कामगाराचे हक्काचे पैसे अडकू शकतात. "कोण बघतंय?" ही सवय इथे आली, तर भुर्दंड तिसऱ्यालाच पडतो.

याचं एक ठळक उदाहरण अमेरिकेतलं आहे. प्रसिद्ध एमआयटी संस्थेच्या प्रवेश विभागाच्या प्रमुख मेरिली जोन्स यांनी २००७ मध्ये राजीनामा दिला. विद्यार्थ्यांचे अर्ज निवडणाऱ्या जोन्स यांनी स्वतःच्या पदव्यांबद्दल खोटी माहिती दिल्याचं उघड झालं होतं. संस्थेत त्यांची २८ वर्षं झाली होती.

महाराष्ट्राने काय अनुभवलं?

२०१९-२०च्या शिक्षक पात्रता परीक्षेत, म्हणजेच टीईटीत, झालेला घोटाळा आठवत असेल. साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांची नावं गैरप्रकारात पुढे आली. त्यानंतर २०१३ पासून नियुक्त झालेल्या शिक्षकांची टीईटी प्रमाणपत्रं पडताळणीसाठी मागवण्यात आली. म्हणजे ज्यांनी रात्री जागून अभ्यास केला होता, त्यांनाही आपण खरे आहोत हे पुन्हा दाखवावं लागलं.

मग काय करायचं?

- ५० ऐवजी १८ च फॉर्म भरून झाले असतील, तर १८ लिहा आणि कारण द्या. गाइडशी आधीच बोला.
- मजकूर घेतानाच तो कुठून घेतला ते वहीत टिपून ठेवा.
- एआय वापरायचं की नाही, हे कॉलेजला विचारा. वापरलं तर कशासाठी, ते नमूद करा.
- कामगाराची परवानगी घ्या आणि त्याचं नाव उघड करू नका. तो मुकादमासमोर मोकळं बोलणार नाही, त्यामुळे बाजूला बसून विचारा.

वालूरच्या त्या मुलीकडे अजून चार दिवस आहेत. त्यात ५० माणसं भेटणार नाहीत, पण १८ नक्की भेटतील. त्यातल्या एखाद्याने "पगार वेळेवर मिळत नाही" असं सांगितलं, तर ती ओळ तिच्या रिपोर्टमधली सगळ्यात मोलाची ओळ असेल. रूमवर बसून ती कुणालाच सुचली नसती.