तारेची नाडीपरीक्षा

मंडळी, "गाडी विजेवर चालायला लागली, आता बिघडायला राहिलंच काय?" असं हल्ली बरेच जण म्हणतात. इंजिन गेलं, धूर गेला, ऑइल बदलणं गेलं. राहिली ती मोटर. पण मोटर म्हणजे तरी काय? तांब्याच्या तारेची वेटोळी आणि त्यांवर वार्निशचा पातळ लेप. उष्णतेने किंवा ओलाव्याने तो लेप खराब झाला की वीज नको तिथे जाऊ लागते. पंपाच्या मोटरीबद्दल आपला शेतकरी म्हणतो ना, "बॉडीला करंट येतोय", तोच हा आजार.

हा आजार ओळखायची विद्या आली कुठून, हे शोधत गेलो तो थेट अटलांटिक महासागराच्या तळाशी पोचलो!

ऑगस्ट १८५८ मध्ये आयर्लंड आणि न्यूफाउंडलंड यांना जोडणारी तार समुद्रातून टाकली गेली. व्हिक्टोरिया राणीने अमेरिकेच्या अध्यक्षांना शुभेच्छा पाठवल्या. संदेश जेमतेम शंभर शब्दांचा, पण तो पोचायला १६ तास लागले. तारेवरचा मुख्य विद्युततज्ज्ञ होता वाइल्डमन व्हाइटहाउस. गंमत म्हणजे हा पेशाने डॉक्टर! संदेश क्षीण येतो म्हणून त्याने सुमारे २००० व्होल्टचा दाब दिला. तारेवरचं गटापर्चाचं आवरण मुळातच ठिकठिकाणी कच्चं होतं. काही आठवड्यांतच तार कायमची मुकी झाली.

ग्लासगोचे प्राध्यापक विल्यम थॉमसन (पुढचे लॉर्ड केल्विन) यांचं मत उलट होतं. जोर वाढवू नका, मोजमाप नाजूक करा. त्यांचा आरशाचा गॅल्व्हानोमीटर अगदी बारीक प्रवाहही दाखवत असे. या अपयशाची रीतसर चौकशी झाली. पंचाईत अशी होती की तारेचा रोध मोजायला सर्वमान्य एककच नव्हतं. मग थॉमसन यांच्याच आग्रहाने १८६१ मध्ये ब्रिटिश असोसिएशनने समिती नेमली, आणि त्यातून 'ओहम' हे माप रूढ झालं. शाळेत आपण पाठ केलेल्या त्या ओहममागे समुद्रात बुडालेलं एवढं भांडवल आहे!

पुढे १८८९ मध्ये सिडनी एव्हरशेड यांनी इन्शुलेशन तपासायचं हातात नेता येणारं यंत्र काढलं. हँडल फिरवलं की वरचा दाब तयार होतो आणि काटा मेगओहम दाखवतो. १९०३ मध्ये त्याला 'मेगर' हे नाव नोंदवलं गेलं. आपल्याकडचे वायरमन आणि रिवाइंडिंगवाले आजही "मेगर मारून बघ" म्हणतात, तो हाच.

आता गाडीकडे येऊ. टोयोटाची प्रियस डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये आली. २००३ च्या दुसऱ्या पिढीत बॅटरी २०१.६ व्होल्टची, पण मोटरीला ५०० व्होल्टपर्यंत वाढवून मिळत. अशा गाड्यांत बॅटरीची दोन्ही टोकं गाडीच्या अंगापासून वेगळी ठेवतात. त्यामुळे एका गळतीने लगेच झटका बसेलच असं नाही. पण दुसऱ्या ठिकाणी गळती झाली की वाट पुरी होते, आणि ती माणसातून गेली तर जीवच जायचा. म्हणून पहिलीच गळती पकडायची. संयुक्त राष्ट्रांच्या आर-१०० नियमात डीसी भागात दर व्होल्टमागे किमान १०० ओहम आणि एसी भागात ५०० ओहम इन्शुलेशन मागितलं आहे. म्हणजे ४०० व्होल्टच्या एसी भागाला किमान २ लाख ओहम.

गळती झाली की गाडीचा संगणक कोड दाखवतो. पण बॅटरी, केबल, इन्व्हर्टर की मोटर, हे कोड दर वेळी सांगत नाही. तिथे माणूस लागतो. रबरी हातमोजे घालायचे, सर्व्हिस प्लग काढायचा, कपॅसिटर रिकामे व्हायला कंपनी सांगेल तेवढी मिनिटं थांबायचं, आणि दाब शून्य झाल्याची मीटरने खात्री करायची. मग मोटरीच्या तीन तारा इन्व्हर्टरपासून सोडवून मेगर लावायचा. त्या न सोडवता लावला तर इन्व्हर्टरचेच भाग जळू शकतात, म्हणजे पुन्हा व्हाइटहाउस! तिन्ही वेटोळ्यांचा रोध सारखा आहे का, तेही पाहायचं. तो मिलीओहममध्ये असतो, साध्या मल्टिमीटरला दिसत नाही. त्यासाठी चार तारांची पद्धत लागते, आणि तिचं मूळही थॉमसन यांच्याच ब्रिजमध्ये आहे. शेजारशेजारचे दोन वेढे आपसांत चिकटले असतील तर मेगर मात्र गप्प बसतो, कारण तो अंगाकडे जाणारी गळतीच दाखवतो. तिथे इंडक्टन्सची तुलना किंवा सर्ज टेस्ट करावी लागते.

हे सगळं न करता "मोटर बदला" म्हणणं सोपं. पण त्यात गिऱ्हाइकाचा खिसा रिकामा होतो आणि खरा दोष कदाचित केबलमध्येच राहून जातो. आपल्या ओळखीतली, नात्यातली मुलं आयटीआय करून उद्या याच गॅरेजांत उभी राहणार आहेत. त्यांच्या हाती स्कॅनर येईलच. सोबत मेगर, हातमोजे आणि ती मिनिटं थांबण्याचा धीरही द्यायला हवा, असं मला फार वाटतं.

असो. मास्तरांचा तास लांबला! तुमच्यापैकी कुणी या कामात असेल तर अनुभव जरूर लिहा.