टॅफ्रिना

(कुल–टॅफ्रिनेसी, गण–टॅफ्रिनेलीझ, विभाग–धानीकवक). उच्च वनस्पतींची पाने, फळे व कोवळ्या फांद्या यांवर जीवोपजीवी (दुसऱ्या जीवावर उपजीविका करणाऱ्या) असलेल्या सूक्ष्म कवकांची एक प्रजाती. हिच्या बहुतेक जाती समशीतोष्ण प्रदेशांतील पीच, अलुबुखार, भूर्ज, पॉप्लर इ. वृक्षांवर वाढतात. उष्ण प्रदेशात आढळणाऱ्या मोजक्या जातींपैकी टॅ. मॅक्युलन्स ही हळदीवर येते व त्यामुळे सांगली आणि सातारा जिल्ह्यांतील कृष्णाकाठच्या शेतीशी या प्रजातीचा निकटचा संबंध आहे.

प्रजातीची स्थापना स्वीडिश शास्त्रज्ञ ई. एम्. फ्रीस यांनी १८१५ मध्ये पॉप्लरच्या पानांवर पिवळे फोड आणणाऱ्या कवकावरून केली. पुढे पीचची पाने वाकडी व जाड करणारे कवक निरनिराळ्या नावांखाली वर्णिले गेले. त्याला टॅफ्रिनात आणले ते त्यूलान यांनी, १८६६ मध्ये. मध्यंतरी फुकेल यांनी एक्झोॲस्कस ही वेगळी प्रजाती मांडली होती. धानीतील बीजुके आठच राहतात की मुकुलनाने त्यांची संख्या वाढते, अशांसारख्या भेदांवर दोन्ही प्रजाती दीर्घकाळ वेगळ्या मानल्या गेल्या. तथापि एकाच जातीत दोन्ही अवस्था दिसत असल्याने हा भेद टिकण्यासारखा नव्हता. अमेरिकन कवकवैज्ञानिक ए. जे. मिक्स यांनी १९४९ च्या आपल्या प्रबंधात सर्व जाती टॅफ्रिनात एकत्र केल्या. त्यांची संख्या शंभराच्या आसपास होती. अलीकडे संवर्धन व जनुकीय पुरावा यांच्या कसोटीला उतरलेल्या जाती मात्र तिसाच्या आसपासच भरतात.

या कवकाचे जीवनचक्र दुहेरी आहे. आश्रय वनस्पतीत त्याचे कवकजाल द्विप्रकली (प्रत्येक कोशिकेत दोन प्रकल असलेले) असते. इतर बहुतेक धानीकवकांप्रमाणे येथे फलपिंड तयार होत नाही. उघड्या धानींचा थर उपत्वचा फाडून पानाच्या पृष्ठभागावर येतो. धानीबीजुके मुकुलनाने यीस्टसारखी वाढतात व ही अवस्था वनस्पतीबाहेर शवोपजीवी म्हणून जगते. द्विप्रकली अवस्थेच्या दीर्घतेमुळे काहींनी या प्रजातीत धानीकवके व गदाकवके यांच्या समान पूर्वजाचे रूप पाहिले. आनुवंशिक द्रव्याच्या अभ्यासाने १९९० नंतर हा प्रश्न बराच उलगडला. टॅफ्रिना ही धानीकवकांच्या एका अतिप्राचीन शाखेत मोडते. पूर्व आफ्रिकेतील भरडधान्याच्या मद्यातून प्रथम मिळालेले विभाजी यीस्ट आणि मानवात न्यूमोनिया उत्पन्न करणारे न्यूमोसिस्टिस हे तिचे आप्त होत. बाह्य रूपावरून हे नाते कोणाला सुचले नसते.

हळदीवरील जातीचे वर्णन पुसा (बिहार) येथील कवकवैज्ञानिक ई. जे. बटलर यांनी १९११ मध्ये केले. पानांच्या दोन्ही बाजूंस १–२ मिमी. आकाराचे, शिरांना समांतर ओळींत येणारे मळकट पिवळे ठिपके पडतात. ते पुढे तांबूस तपकिरी होऊन एकमेकांत मिसळतात. कवकजाल उपत्वचेखाली पसरते व शोषकांगे अपित्वचेच्या कोशिकांत शिरतात. प्रजातीतील इतर बहुसंख्य जातींत शोषकांगे नसतात, हे लक्षात घेता ही जाती सुरुवातीपासूनच काहीशी वेगळी होती. जपानी संशोधकांच्या १९९७ च्या अभ्यासाने शंका वाढविली. नेदर्लंड्समधील संग्रहात टॅ. मॅक्युलन्स या नावाने जतन केलेले संवर्धन तपासता ते टॅफ्रिना नव्हे, तर गदाकवकांपैकी एक यीस्ट निघाले. पानाच्या पृष्ठावर अशी यीस्टे नेहमीच असतात. तेव्हा संवर्धन करताना मूळ कवकाऐवजी त्यांपैकीच एखादे हाती आले असावे, असे मानणे सयुक्तिक ठरते. त्यामुळे बटलर यांचे वर्णन बाधित होत नाही. मात्र या जातीचे प्रजातीतील स्थान त्या संवर्धनाच्या आधारे ठरविता येत नाही. ते ठरविण्यास शेतातील ताज्या रोगट पानांतील धानींपासूनच आरंभ करावा लागतो. मिरज, वाळवा, वाई, कोरेगाव, कऱ्हाड या तालुक्यांत हळद होते. अशा सामग्रीसाठी दूर जावे लागणार नाही.

हळदीची लागवड उन्हाळ्याच्या अखेरीस होते व पावसाळा सरता सरता, दाट वाढलेल्या, ओलसर हवेच्या शेतात खालच्या पानांवर रोग प्रथम दिसतो. गड्डा सडत नाही. पानांचे अन्ननिर्मितीचे क्षेत्र घटल्याने त्याचे पोषण कमी होते. सांगलीच्या बाजारात भाव गड्ड्यावर ठरत असल्याने पानावरील हे ठिपके दुर्लक्षित राहतात. शिवाय शेतकरी ज्याला सरसकट करपा म्हणतो, त्यात कोलेटोट्रायकम या कवकाचा रोगही येतो. त्याचे डाग कित्येक सेंमी. लांब, मध्ये राखट व काळ्या बिंदूंच्या वलयांचे असतात. टॅफ्रिनाचे ठिपके लहान व ओळींत असतात. बनारस येथे उपाध्याय व पावगी यांनी १९६० नंतरच्या दशकात केलेल्या अभ्यासानुसार हे कवक गळलेल्या पानांत व जमिनीत उन्हाळा काढते. बेण्याचे ढीग हळदीच्याच पाल्याने झाकण्याची रीत आहे. रोगट शेतातील पाला त्यासाठी वापरू नये, तो गोळा करून जाळावा. फेरपालट व मॅन्कोझेबची फवारणी हे इतर उपाय होत. सांगलीजवळील कसबे डिग्रज येथील हळद संशोधन केंद्रात पिकाच्या सुधारित वाणांवर काम होते.
[⟶ कवक, यीस्ट, हळद].