काकडीचं पाणी

परवा मंडईतून कोवळ्या काकड्या आणल्या. चोचवल्या, मीठ लावून ठेवल्या. दहा मिनिटांत पातेल्यात हे एवढं पाणी! आजी म्हणायची, "मीठ पाणी ओढतं रे." पटायचं, पण मग आतलं पाणी येतं कुठल्या दारानं?

आपल्या मंडईची अष्टकोनी इमारत उभी राहिली १८८६ साली. त्याच्या नऊ वर्षं आधी, १८७७ मध्ये, विल्हेल्म फेफर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने याचं उत्तर मांडलं होतं. पेशीतून पाणी सहज ये-जा करतं, विरघळलेले पदार्थ मात्र अडतात. म्हणजे पेशीभोवती पडदा असणार! तो तोवर कुणी पाहिलाही नव्हता.

१८९० च्या दशकात ओव्हर्टनला दिसलं, की तेलात विरघळणारे पदार्थ पेशीत चटकन शिरतात. म्हणजे पडदा तेलकट. १९२५ मध्ये हॉलंडच्या गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी तांबड्या पेशींतली चरबी काढून पाण्यावर पसरली, तर ती पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरली. म्हणजे पडदा दुपदरी. गंमत बघा, चरबी पूर्ण निघाली नव्हती आणि पृष्ठभागही कमी मोजला गेला होता. दोन चुकांची फिट्टंफाट होऊन उत्तर बरोबर आलं! १९७२ साली सिंगर आणि निकोल्सन यांनी सांगितलं, की हा पडदा प्रवाही असतो आणि त्यात प्रथिनं तरंगत असतात. दारं ती हीच.

हे वाचताना मला धाकटा भाऊ आठवला. लहानपणी जुलाबांनी पार गळून गेला होता. आजी रात्रभर चमच्या-चमच्याने मीठ-साखरेचं पाणी पाजत बसली. मला वाटायचं, साखर चवीपुरती. तसं नव्हतं. आतड्याच्या पेशींच्या पडद्यात एक दार असं आहे, की सोडियम आणि ग्लुकोज जोडीनेच आत जातात, मागोमाग पाणी. १९६० साली रॉबर्ट क्रेन यांनी ही कल्पना मांडली. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ आली, सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोजचं पाणी पाजायला लावलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं.

आजीला यातलं काही ठाऊक नव्हतं. पाजत राहायचं, एवढंच ठाऊक होतं.

भावाला फोन करून हे सगळं सांगितलं. शांतपणे ऐकून म्हणाला, "बरं, कोशिंबीर कशी झाली?"

असो. छान झाली होती.