दळण, वीज आणि भाड्याचा संगणक

मंडळी, यंदा दिवाळीच्या आधी माळा आवरायला काढला. पितळी घंगाळ, जुनी पाटा-वरवंट्याची जोडी, ह्यांच्या दिवाळी अंकांचे गठ्ठे आणि त्यामागे जुन्या चादरीत गुंडाळलेली तीन काळी लोखंडी खोकी. मोलकरीण म्हणाली, "बाई, भंगारवाल्याला देऊ का?" मी नको म्हटलं. का नको, ते सांगण्यासाठीच आज हे लिहायला बसले आहे. इतिहास शिकवण्यात बत्तीस वर्षं घालवली. त्यामुळे गोष्ट सांगायची म्हणजे थोडं मागून सुरुवात केल्याशिवाय मला जमत नाही. सांभाळून घ्या.

ती खोकी म्हणजे सर्व्हर. माझ्या भाच्याचे. २००४ साली त्यानं पुण्यात नोकरी सोडून धंदा काढला. शाळांनी मुलांचे गुण संगणकावर भरायचे, याच्या यंत्रणेनं निकालपत्रकं तयार करून द्यायची. कल्पना मला फार आवडली. निकालपत्रकाच्या रकान्यांनी माझे डोळे किती वर्षं जाळले ते माझं मला ठाऊक! प्रॉव्हिडंट फंडातून उचल घेऊन मी त्याला दीड लाख दिले. साडेचार लाखांची ही तीन यंत्रं आली. मग त्यांना एसी हवा, मग इन्व्हर्टर हवा. भारनियमनाचे दिवस, त्यात पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज बंद.

आणि निकाल वर्षभर थोडेच असतात? एप्रिल-मे महिन्यांत सगळ्या शाळा एकाच आठवड्यात तुटून पडायच्या आणि यंत्रं मान टाकायची. उरलेले दहा महिने तीच यंत्रं थंड हवा खात बसून राहायची. हप्ते मात्र बारा महिने! २००६च्या मे महिन्यात शाळांचे संतापलेले फोन आले आणि जूनमध्ये त्यानं गाशा गुंडाळला. खोकी ठेवायला जागा नव्हती म्हणून सांगलीला माझ्या माळ्यावर आली.

त्या वर्षी गणपतीत सगळे जमले असताना, भरल्या पंगतीत मी त्याला म्हणाले, "धंद्याला हिशेब लागतो. तुझा कच्चा." तो काही बोलला नाही. पानावरून उठला मात्र लवकर.

आता जरा साठीच्या दशकात जाऊया.

तेव्हा संगणक खोलीभर असायचा आणि किंमत ऐकूनच घाम फुटायचा. छिद्रं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा खिडकीतून आत द्यायचा आणि उत्तरासाठी तासन् तास ताटकळायचं. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत १९६१ साली फर्नांडो कॉर्बाटो यांच्या गटानं एकच संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरायची युक्ती करून दाखवली. यंत्र प्रत्येकाला क्षणभर वेळ देतं, पण इतक्या झपाट्यानं की प्रत्येकाला वाटावं, हे माझंच आहे. त्याच वर्षी संस्थेच्या शताब्दीनिमित्त बोलताना जॉन मॅकार्थी यांनी असा विचार मांडला की टेलिफोनसारखी संगणकशक्तीही एक दिवस सार्वजनिक सेवा होऊ शकेल, वापराल तेवढे पैसे द्या.

आपल्याला यात नवल वाटायला नको. आपण घरची जाती सोडून डबा घेऊन गिरणीत जायला लागलो ते याच न्यायानं. गिरणी कुणी घरात बांधत नाही, पायलीचे पैसे दिले की झालं. आपल्याकडेही १९६८ साली मुंबईत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस सुरू झाली तेव्हाच्या तिच्या कामांत हे दळणाचं कामही होतं. टिस्कोसाठी पंचकार्डांचं काम, युनिट ट्रस्टसाठी संगणकावरची हिशेबसेवा.

पण पुढे संगणक लहान झाले, स्वस्त झाले. १९८१ साली आयबीएमचा पीसी आला आणि जो तो आपापलं जातं घरी घेऊन बसला. कचेरीत सर्व्हरची खोली असणं ही प्रतिष्ठेची गोष्ट झाली. मॅकार्थींचा विचार मागे पडला.

तो परत आला तो एका जुन्या युक्तीच्या पाठीवर बसून. तुमच्यापैकी ज्यांनी वाड्यात दिवस काढलेत त्यांना ही लगेच कळेल. वाडा एक, पण आत बिऱ्हाडं दहा. प्रत्येकाची चूल वेगळी, कडी-कोयंडा वेगळा. तसंच एका संगणकात अनेक 'आभासी' संगणक थाटायचे आणि एकाचं दुसऱ्याला दिसू द्यायचं नाही. आयबीएमनं आपल्या मोठ्या यंत्रांवर १९७२ साली ही सोय ग्राहकांसाठी बाजारात आणली होती. साध्या पीसीच्या जातीच्या यंत्रांवर ती १९९९ साली व्हीएमवेअरनं आणली आणि २००३ साली केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी 'झेन' नावाची प्रणाली सर्वांसाठी खुली केली.

वाडा तयार होता. भाडेकरू ठेवायला पुढे आली ती पुस्तकं विकणारी ॲमेझॉन! मार्च २००६ मध्ये तिनं माहिती साठवायची जागा भाड्यानं द्यायला सुरुवात केली, महिन्याला एका जीबीला १५ सेंट. आणि २५ ऑगस्ट २००६ रोजी चक्क संगणक भाड्यानं द्यायला काढले, तासाला १० सेंट. तेव्हाच्या भावानं साडेचार रुपये. हवे तेव्हा दहा घ्या, काम झालं की नऊ परत करा. याचंच आजचं भारदस्त नाव 'इन्फ्रास्ट्रक्चर ॲज अ सर्व्हिस'. ही सेवा झेनवरच उभी होती आणि ती घडवणारा मुख्य गट दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊनमध्ये बसून काम करत होता, हे वाचून मला फार गंमत वाटली.

याचा उपयोग काय झाला? २००७ साली न्यूयॉर्क टाइम्सला आपल्या जुन्या अंकांतले सुमारे १ कोटी १० लाख लेख संगणकावर वाचता येतील अशा रूपात आणायचे होते. त्यांनी १०० यंत्रं भाड्यानं घेतली आणि काम एका दिवसाच्या आत उरकलं. १०० यंत्रं, २४ तास, १० सेंट, म्हणजे यंत्रांचं भाडं फार तर २४० डॉलर! २००८च्या एप्रिलमध्ये ॲनिमोटो या छोट्या कंपनीकडे अचानक गर्दी लोटली तेव्हा तिनं तीन दिवसांत पन्नासेक यंत्रांवरून साडेतीन हजारांवर उडी मारली. ओसरल्यावर यंत्रं परत.

ऑगस्ट २००६... तारीख पुन्हा वाचा मंडळी. आमच्या भाच्यानं जूनमध्ये दुकान बंद केलं होतं. आणि मी त्याला पंगतीत बोलले ते त्या वर्षीच्या गणपतीत, म्हणजे ऑगस्टच्या अखेरीस. त्याच आठवड्यात!

हे लक्षात आलं तेव्हा मी कागद घेऊन गणित मांडलं. गर्दीचे ६० दिवस सहा यंत्रं, उरलेले ३०५ दिवस एकच यंत्र. एकूण १५,९६० तास. दहा सेंटनं १,५९६ डॉलर, ४५च्या भावानं सुमारे ७२ हजार रुपये. तेही वर्षभरात वापराप्रमाणे द्यायचे. दीड लाखांची उचल नको, एसी नको, गुरुवारची धास्ती नको. हिशेब त्याचा कच्चा नव्हता. त्या हिशेबाला लागणारी वस्तू बाजारात यायची होती.

आता खरं सांगायचं तर तो आणखी चार महिने तगून राहिला असता तरी लगेच सगळं जमलं असतं असं नाही. ती सेवा २००८च्या ऑक्टोबरपर्यंत चाचणीच्याच अवस्थेत होती, यंत्रं साता समुद्रापार आणि बिल डॉलरमध्ये. मायक्रोसॉफ्टनं पुणे, मुंबई आणि चेन्नईत क्लाउड केंद्रं उघडली २०१५ साली, ॲमेझॉनचं मुंबईतलं आलं २०१६ साली.

आणि भाड्याचं घर ते भाड्याचंच. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी ॲमेझॉनच्या एका कर्मचाऱ्यानं आज्ञा देताना चूक केली आणि कितीतरी संकेतस्थळं काही तास झोपली. ज्याचं काम बारा महिने सारखंच चालतं त्याला भाडं महागही पडतं. अमेरिकेतल्या ३७सिग्नल्स या कंपनीनं २०२२ साली हाच हिशेब मांडून स्वतःची यंत्रं घ्यायचं ठरवलं. रोज शंभर किलो दळायचं असेल तर गिरणी स्वतःची बरी, नाही का?

वर्गात औद्योगिक क्रांती शिकवताना मी वाफेच्या इंजिनावर तास संपवायचे. मुंबईच्या कापड गिरण्या पूर्वी स्वतःचे बॉयलर, स्वतःचा कोळसा बाळगत. १९१५ साली टाटांच्या खोपोलीच्या केंद्रातून वीज आली आणि शक्ती विकत घेण्याची गोष्ट झाली. हे शिकवायचं राहून गेलं. त्याआधी कोळशापायी बुडालेल्या एखाद्या गिरणीवाल्यालाही कुणीतरी पंगतीत "हिशेब कच्चा" म्हटलंच असेल. इतिहासात काळाच्या चार पावलं पुढे असणं आणि चुकणं हे दुरून अगदी सारखं दिसतं. मला तरी ते तेव्हा वेगळं ओळखता आलं नाही.

माझे पैसे त्यानं नोकरी करून २०११ पर्यंत पै न् पै फेडले. माझंच देणं राहिलं होतं. परवा भाऊबीजेला माझ्या भावाबरोबर तोही आला तेव्हा तो गणिताचा कागद त्याच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, "बाबा रे, चूक माझी होती." त्यानं कागद वाचला, चष्मा पुसला आणि म्हणाला, "आत्या, तासांची बेरीज बरोबर आहे. पण इंटरनेटचं भाडं धरायचं राहिलं बघ!" हसलो दोघंही. या वेळी पानावरून मात्र तो सगळ्यात शेवटी उठला.

असो, फार लांबलं. खोकी माळ्यावरच आहेत. पाटा-वरवंट्याशेजारी शोभतात.